हेल्मेटातले वडे

मी आयुष्यातला पहिला धंदा हेल्मेट घालून केला. धंदा वड्यांचा होता.

त्याआधी आठ वर्षं मी टेम्पो चालवला. टेम्पो माझ्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, सुहासचा. वयाने लहान, पण मालक. रोज सकाळी "भावोजी, गाडी पुसली का?" असं आदराने विचारायचा. शिवी दिली असती तर कमी लागलं असतं. शेवटी एक दिवस मी घरी सांगून टाकलं की आपण केळफुलाचे वडे विकणार. निर्मळ गावात आमची एवढीशी वाडी, केळफुलं घरचीच, कृती आईची, आणि मला बोलायला येतं. (तेवढंच येतं, असं बायको म्हणते.)

बायकोने, रेखाने, वॉशिंग मशीनसाठी साठवलेले पैसे काढून हातावर ठेवले. अट एकच. "गणपतीपर्यंत धंदा उभा राहिला तर ठीक. नाहीतर गुपचूप परत सुहासचा टेम्पो. आणि तोवर घरातले कपडे तुम्ही धुवायचे."

कढई आली, शेगडी आली, टेबल आलं आणि त्यांच्यामागून भीती आली. नुकसानीची भीती नव्हती, पैसे बायकोचे होते. तेलाची नव्हती. भीती एवढीच की सुहासने बघितलं तर? त्याला मी सांगून ठेवलं होतं, हायवेला एका कंपनीत लागलोय, आणि घरच्यांनाही तेच सांगायची ताकीद होती. म्हणून टेबल लावलं ते लांब, चिंचोटीला. पावसाळ्यात धबधब्याला बाहेरचे लोक येतात, आपल्याला ओळखणारं कुत्रंही नाही.

पहिला वडा तेलात सोडला आणि समोरून एक स्कूटर आली. वरचा माणूस हुबेहूब आमच्या शेजारच्या काकांसारखा! मी माझ्या स्कूटरवरचं हेल्मेट उचललं, डोक्यात घातलं, काच खाली केली. माणूस जवळ आला. ते काका नव्हते. पण हेल्मेटात इतकं सुरक्षित वाटलं म्हणता, आईच्या पदराखाली बसल्यासारखं. मग काढलंच नाही.

आता वाफेने काच धुरकट व्हायची. एकाला मी वड्यांबरोबर हात पुसायचं फडकंही कागदात बांधून दिलं. तो परत आला नाही, तेव्हा आवडलं असावं. चव बघायची तर काच वर करावी लागणार, म्हणून चव बघणंच सोडलं. चार दिवस पिठात मीठ नव्हतं. लोक म्हणाले, हेल्दी आहेत.

पाचव्या दिवशी एका मुलीने विचारलं, काका, हेल्मेट कशाला? मी आवाज बदलून हिंदीत म्हणालो, "सेफ्टी." तिने मोबाइल काढून व्हिडिओ केला. दुसऱ्या दिवशी रांग! लोक वडा नंतर घ्यायचे, आधी माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो. एका बाईंनी तर त्यांच्या लहान मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. का, ते मीही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी मोरीत रेखाची साडी पिळत होतो आणि सुहास मोबाइल घेऊन आला. सगळ्यांना व्हिडिओ दाखवायला लागला. म्हणाला, काय डोकं आहे बघा ह्या हेल्मेटवाल्याचं. मग मोरीकडे वळून, "भावोजी, असं काहीतरी करा कधीतरी आयुष्यात."

मी साडी आणखी जोरात पिळली.

हेल्मेटाचं आईलाही माहीत नव्हतं. तिने चष्मा लावून व्हिडिओ बघितला. त्यातला हेल्मेटवाला वडा उलटायचा आणि त्याच झाऱ्याच्या दांड्याने पाठ खाजवायचा. आईने माझ्या पाठीकडे बघितलं. "ह्या माणसाला घामोळ्याची पावडर पाहिजे," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी सुहास अर्धी आळी टेम्पोत भरून चिंचोटीला हजर. पुढे आई, शेजारी रेखा, मागे नऊ जण. पळायचं तर कढई उकळतेय. मी काच घट्ट दाबली आणि हिंदी सुरू केली. सुहास रांग मोडून पुढे आला, माझ्या कानाशी, म्हणजे हेल्मेटाशी, वाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, एक काम होतं. आमचे भावोजी आहेत. कंपनीत लागलोय म्हणतात, पण अंगाला तळणीचा वास येतो. कुठेतरी भांडी घासत असतील बिचारे. तुमच्याकडे ठेवून घ्या ना त्यांना."

मी म्हणालो, "सोचके बताता हूँ."

तेवढ्यात आईने वड्याचा घास घेतला. चावला. थांबली.

"दिनू, मीठ विसरलास."

सगळी आळी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, आता सुटका नाही, तोंड दाखवू. पट्ट्याला हात घातला, तर पट्टा निघेना! पंधरा दिवसांचं बेसन खटक्यात जाऊन आज नेमकं दगड झालेलं. सुहासने हेल्मेट धरून ओढलं, आळीने मला कमरेला धरून ओढलं, गिऱ्हाइकांना वाटलं हाही रोजचा कार्यक्रम, ते टाळ्या वाजवायला लागले. शेवटी रेखाने केळफूल चिरायच्या सुरीने पट्टा कापला. डोकं बाहेर आलं ते उकडलेल्या बटाट्यासारखं.

आता सुहास हसणार. पंधरा दिवस मी ह्याच क्षणाला भीत होतो. त्याने रांगेकडे बघितलं, कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भावोजी," तो म्हणाला, "तेलाचे डबे स्कूटरवरून आणता? उद्यापासून टेम्पो किती वाजता लावू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात रांगेतून कोणीतरी विचारलं, हेल्मेटवाला गेला का? मग राहू दे. एकेक माणूस सरकायला लागला. रेखाने हेल्मेट उचललं आणि माझ्या डोक्यावर दाबून बसवलं. "घाला मुकाट्याने. गणपती तोंडावर आलाय."

धंदा उभा राहिला. वॉशिंग मशीनही आलं. भीती तर इतकी गेली की आता कोणी न विचारताही मीच सांगतो, मी कोण ते. परवा घरी येताना नाक्यावर वाहतूक पोलिसाने स्कूटर अडवली. हेल्मेट टेबलावरच राहिलं होतं, पण मी घाबरतो कशाला? छाती पुढे काढून, रस्त्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, ओळखलं नाही? मी चिंचोटीचा हेल्मेटवाला!"

साहेबांनी माझं उघडं डोकं दोनदा बघितलं आणि पावती फाडली.