वाचकाच्या पदरात जोगवा

दुष्काळाच्या त्या वर्षी येरमाळ्याकडच्या आमच्या गावात वाचनालयाचा वर्धापनदिन ठरला. मी तिथली ग्रंथपाल. सोसायटीचे चेअरमन तेच वाचनालयाचे अध्यक्ष. गावात मानाच्या खुर्च्या बऱ्याच होत्या, बसणारे हे एकटेच.

वाचकांच्या मनोगतासाठी मी आराधीबाईंचं नाव सुचवलं. जन्मानं त्या पुरुष. पण कळत्या वयापासून लुगडं नेसायच्या, देवीची परडी घेऊन दारोदार जोगवा मागायच्या आणि दुपारी आमच्या बाकावर बसून वाचायच्या. त्यांच्याइतकं गावात कुणीच वाचत नव्हतं. पोरं त्यांच्यामागं टाळ्या पिटायची, बायका पाया पडायच्या, घरात मात्र कुणी घेत नव्हतं.

"भाषण कशाला? देवीचं गाणं म्हणू द्या की," अध्यक्ष म्हणाले.

मी हट्टाला पेटले. गाणं नाही, परडी नाही, इतर वाचकांच्या रांगेत व्यासपीठावर खुर्ची. ते हसून "बरं" म्हणाले. इतक्या गोडीनं ते कधी काही कबूल करत नसत.

त्या दिवशी आराधीबाई परडी घरी ठेवून, हातात पुस्तक घेऊन आल्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या.

"मी रोज दारोदार फिरते. आत बसवणारं दार गावात ह्ये एकच..."

तेवढ्यात अध्यक्षांनी पहिल्या रांगेतल्या बायकोला खूण केली. ती सुपात रेशनची तांबडी मिलो ज्वारी घेऊन उठली. तिच्यामागं आणखी बायका. जोगवा देवीचा, तो नाकारता येत नाही. आणि एकदा वाढला की त्या दारात थांबायचं नसतं. अध्यक्षांना हे पक्कं ठाऊक होतं. आराधीबाईंनी पुस्तक खुर्चीवर ठेवलं, पदर पसरला आणि "आई राजा उदो उदो" म्हणत खाली उतरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केसानं गळा कापला तो असा.

"हे काय केलंत तुम्ही?" मी अध्यक्षांना विचारलं.

"बाई, दुष्काळात धान्य दिलं. शिवी न्हाय दिली."

शिवी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आराधीबाई आल्या त्या परडी घेऊन. उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"आत या ना. पेपर आलाय."

"जोगवा वाढा, बाई."

माझ्या डब्यात अर्धी भाकरी उरली होती. रिकामं पाठवणं माझ्यानं होईना. मी ती परडीत ठेवली. त्यांनी हात कपाळाला लावला आणि शेजारच्या किराणा दुकानापुढं जाऊन उभ्या राहिल्या.