काकी ओरडत नाही

आमचे प्राचार्य कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी कॉलेजात 'बहुसांस्कृतिक विद्यार्थी साहाय्य मंच' काढला. ज्या मुलांचं बालपण दोन-तीन मुलखांत आणि दोन-तीन भाषांत गेलं आणि जी आता बापाच्या गावी येऊन शिकतायत, त्यांना इथे रुळायला मदत करायची, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. पण ज्या बैठकीत तो ठरला, त्या दिवशी मी रजेवर होते. त्यामुळे मंचाची प्रमुख मी झाले.

माझी पात्रता सांगायची तर मी जन्मले धामापुरात आणि लग्न होऊन आले जवळच्याच कट्टा गावी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं स्थलांतर ते एवढंच. तेसुद्धा मला सुरुवातीला जड गेलं होतं, कारण सासरची माणसं बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं आमच्यापेक्षा जास्त घालत. आखाती देशांत आणि गुजरातेत वाढलेल्या मुलांना समजून घ्यायला एवढा अनुभव पुरेसा आहे, असं प्राचार्यांना वाटलं असावं. इथल्या मुलांनी मंचाचं लांबलचक नाव पहिल्याच आठवड्यात निकालात काढलं आणि त्याला 'भायल्यांचा मंडळ' म्हणायला लागली. भायले म्हणजे बाहेरचे. मग आम्हीही तेच नाव वापरायला लागलो, तेवढाच वेळ वाचला.

पहिल्या सभेला मी वर्गात शिरले आणि आपलं सरळ विचारलं, की बाबांनो, तुमची अडचण काय आहे ते सांगा. एक मुलगा ताडकन उभा राहिला. हा बडोद्यात वाढलेला. वडिलांची नोकरी गेल्यावर सगळं कुटुंब कट्ट्याला परत आलं होतं आणि बाजारात त्यांनी दुकान टाकलं होतं. त्याची तक्रार अशी, की या गावात त्याला कुणीही ओरडतं. स्टँडवर बसची वाट बघत उभा राहिला तर एक अनोळखी म्हातारा त्याच्या केसांवरून बोलला. चप्पल घासत चालतो म्हणून एक मासेवाली बोलली. "मॅडम, ते मला ओळखत पण नाहीत. आधी विचारतात कोणाचा तू, मी सांगितलं की लगेच ओरडतात. बडोद्यात असं कोणी केलं असतं तर भांडण झालं असतं." सगळे हसले. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांनाही त्याच स्टँडवर लोकांनी असंच झापलंय, तेव्हा ही तुझी वडिलोपार्जित इस्टेट समज. त्याला काही ते फारसं पटलं नाही.

मागच्या बाकावर एक मुलगी बसली होती. ती हसली नव्हती. "मला कुणीच ओरडत नाही," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, पण मान खाली होती.

ही मस्कतमध्ये जन्मलेली, तिथेच शाळा शिकलेली. वडील इथल्याच वालावल गावचे, आई केरळची. वडील अजून मस्कतलाच नोकरीत. आई तिच्या आजारी आईपाशी केरळात. आणि ही कॉलेजसाठी वालावलला, वडिलांच्या थोरल्या भावाच्या घरी. काका-काकींनी तिला मोठ्या प्रेमाने ठेवून घेतलं होतं. अडचण त्या प्रेमाचीच होती. घरातल्या बाकी मुलांना सकाळी अंगण झाडायला लागे, गोठ्यात जावं लागे, आणि कामात चुकलं की काकींची तोफ सुरू होई. हिला मात्र पाट, वेगळं ताट, तळलेल्या माशाचा मधला तुकडा, आणि वर "ऱ्हवांदे गो बाय, तुका सवय नाय." तीन महिने तिने त्या घरात एक भांडं विसळलं नव्हतं. "मी तिथे पाहुणी आहे मॅडम. पाहुण्याला कुणी ओरडत नाही," ती म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत आईकडे जायचं आणि परत यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आईशी बोलणंही झालं होतं. काकींना अजून सांगितलं नव्हतं. मी विचारलं, केरळात तरी तुझं कोण आहे? ती म्हणाली, "तिथेही मी पाहुणीच असेन. पण तिथे आई असेल."

मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. पण मंडळाला वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. बडोद्याच्या मुलाने तिथल्या तिथे ठराव मांडला, की हिला काकींचा ओरडा मिळवून द्यायचा. मंचाच्या उद्देशात हे कुठे बसतं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या सेमिस्टरमध्ये आमचं जे काही काम झालं ते हेच. पुढच्या सभांना जबलपूरहून आलेली एक मुलगी युक्त्या सुचवायची, बडोदेकर त्यात सुधारणा करायचा आणि मस्कतवाली घरी जाऊन त्या करून बघायची.

आधी तिने काचेचा पेला फोडला. काकींनी तिच्या पायाला काच लागली नाही ना ते बघितलं आणि केर स्वतः काढला. मग ती मुद्दाम शेवटच्या गाडीने घरी गेली. काकी पाणंदीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभ्या होत्या, वर म्हणाल्या, दमली असशील. मग तिने सुरमईचा तळलेला तुकडा सगळ्यांदेखत मांजराला घातला. सुरमई आणि मांजराला. माझ्या घरी कुणी असं केलं असतं तर मी त्या माणसाला मांजराबरोबर बाहेर काढलं असतं. काकी म्हणाल्या, "बरा केलंस, मुकी जनावरां ती." आणि तिच्या ताटात दुसरा तुकडा वाढला. ते ऐकून आमची सभा सुतकात असल्यासारखी बसली. जबलपूरकरीण म्हणाली की या बाई संत आहेत. बडोदेकर म्हणाला की त्याला त्यांच्या घरी राहायला पाठवा.

शेवटी मी माझं डोकं चालवलं. घरात पाहुणे आले की घरची माणसं आपोआप घरची होतात, हा माझा सिद्धान्त. दहाजणांची पंगत असली की कुणाचेही हात मोकळे राहत नाहीत. तेव्हा मंडळाची एक सभा तिच्या घरीच घ्यायची आणि काकींनी हिला पाणी आण, पानं मांड, असं करायला लावलं की निम्मं काम झालं. काकींना निरोप धाडला. त्यांनी उलट निरोप दिला, की येवा, जेवूकच येवा. एका रविवारी दोन रिक्षा करून आम्ही वालावलला पोचलो.

काकी साठीच्या, उंच, आवाज खणखणीत. आम्ही अंगणात पाऊल ठेवलं तेव्हा त्या दोन मुलग्यांना एकाच वेळी दोन वेगळ्या कारणांसाठी झापत होत्या, त्यामुळे कर्तबगारीबद्दल शंका राहिली नाही. बोलता बोलता त्या माझ्याच माहेरगावच्या निघाल्या, म्हणजे मी त्यांच्या लेखी बाई राहिले नाही, धामापूरचं चेडू, म्हणजे माहेरची पोर झाले. पण माझा सिद्धान्त मात्र पहिल्या पाच मिनिटांतच आडवा झाला. काकींनी आम्हा सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि मस्कतवालीलाही आमच्याच रांगेत, मधोमध बसवलं. पाणी त्यांच्या सुनेने आणलं. पहिला पेला हिला दिला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काकी चुलीपाशी होत्या. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की पुतणीला जरा कामाला लावा, तिला आवडेल. काकींनी पळी खाली ठेवली.

"आवाडतला ता माकाय कळता," त्या म्हणाल्या. "माका रागयेता गो, चांगलो येता. मांजराक सुरमय घातल्यान त्या दिवशी माझा मस्तक फिरला होता. ह्या घरात माझ्या हातचो मार खावक नाय असा एकय पोर नाय. पण ह्या चेडू आवशीबापाशीपासून लांब. काय बोललंय आणि उद्या बॅग भरून गेला, तर मी दिराक काय सांगू?"

"मग एकदा रागवून तर बघा," मी म्हटलं.

"सांगून कोण रागावता काय?"

एक ओरडा खायला तयार होती आणि दुसरी ओरडायला. मधे दिवाळीची सुट्टी येऊन ठेपली होती. मी परत ओटीवर येऊन बसले आणि मुलांशी काहीबाही बोलत राहिले. आपल्याच्याने काही होणार नाही, असं मला तेव्हा वाटून गेलं.

पानं वाढायच्या सुमाराला आतून सून म्हणाली, की माणसं जास्त, सोलकढीला नारळ कमी पडतोय. काकी मागच्या अंगणात केळीची पानं धूत होत्या. तेवढ्यात आमची मस्कतवाली रांगेतून उठली. तिला येणारं एकच काम तिच्यासमोर आलं होतं. आईने तिला लहानपणीच नारळ खवायला शिकवलं होतं, आणि त्यात ती खरोखरच पटाईत होती. देवाच्या खोलीत फळीवर एक सोललेला नारळ होता. तो तिने घेतला, फोडला, आडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, बसून भराभर खवला आणि पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याने भरलेलं ताट दोन्ही हातांत धरून ती बाहेर आली. मी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

काकी पानं घेऊन दारात आल्या. त्यांनी ताट बघितलं, मग फळीकडे बघितलं. फळी रिकामी होती.

तो राखणदाराचा नारळ होता. नवं भात घरात येण्याआधी जमिनीची राखण करणाऱ्या देवाला नारळ देतात. तो आधीच चांगला निवडून, शेंडी राखून बाजूला ठेवलेला असतो. आमच्याकडे हे पोरांना कुणी शिकवत नाही. देवाच्या फळीवरच्या नारळाला हात लावायचा नाही, हे जमिनीवर रांगतानाच कळतं. मस्कतमध्ये हिला ते कळायला मार्ग नव्हता.

"खंयचो नारळ ह्यो?" काकींनी विचारलं.

"त्या फळीवरचा," ती म्हणाली. "सोलकढीला."

आणि मग ते झालं. "डोळे खंय गेले होते गो तुझे? देवाची फळी ती, कोणाच्या बापाशीचो बाजार नाय. राखणदाराचो नारळ तो, आणि तू त्येची सोलकढी करतंस? इचारूक तोंड नाय होता? येवडी कॉलेजात जातंस, थंय ह्याच शिकवतत काय?" असं म्हणताना त्यांनी माझ्याकडेही एक नजर टाकली, आणि मी, या मंचाची प्रमुख, खाली बघायला लागले. "चार म्हयने बघतंय. पेलो फोडलंस, बोलूक नाय. सुरमय मांजराक घातलंस, बोलूक नाय. ती सुरमय काय झाडावर लागता?" काकी बोलतच राहिल्या. चार महिन्यांचा साठा होता. परसातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या होत्या.

बडोदेकर टाळी वाजवायच्या बेतात होता. मी त्याचं मनगट धरून ठेवलं. मुलगी ताट घेऊन तशीच उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. दोन्ही एकदम.

"आणि वर हसतंस काय?" काकी आणखी भडकल्या. "तुझ्या बापाशीनय असोच फोडल्यान होतो. मी नवी नवरी होतंय, तो शाळेत जाय. भूक लागली म्हणान देवाचो नारळ खाल्ल्यान आणि कवाडाच्या मागे लपान रवलो. त्याकाय मी असोच सोडूक नाय होतंय."

मुलीचं हसू थांबलं. "पप्पांना?" तिने हळूच विचारलं. काकी आता दमल्या होत्या. त्यांनी केळीची पानं सुनेच्या हातात दिली, पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच हिच्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्यांनाही तेव्हाच कळलं की आपण काय करून बसलो. आता पुढे काय, ही भीती त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली.

मग काकी म्हणाल्या, जरा खालच्या आवाजात, पण कडकच, "खवलंस ता आता फेकून दिवक येवचा नाय. सोलकढी कर. पण आधी मांगरात जा, बरोसो नारळ बघून घेवन ये आणि सोल. नि तो फळयेवर तूच ठेवूचो. चुकलंय म्हणान देवाक तूच सांगूचा."

नारळ सोलायला तिला फार वेळ लागला. खवायला शिकवलं होतं, सोलायला नव्हतं. मांगराबाहेर, म्हणजे परसातल्या खोपटाबाहेर, रोवलेल्या पहारेवर ती नारळ आपटत होती, आणि शेजारी उभ्या राहून काकी सांगत होत्या, की असो नाय, तसो धर, हात कापतलो, तुझ्या आवशीक मी काय तोंड दाखवू. आम्ही ओटीवर उपाशी बसलो होतो. बडोदेकराने मला विचारलं की आपण जेवायचं कधी, आणि मी त्याला ओरडले.

नारळ एकदाचा सोलून झाला. घामाघूम झालेली ती तो घेऊन देवाच्या खोलीकडे निघाली. काकी मागून म्हणाल्या, "आणि ऐक गो. दिवाळीच्या सुट्टीत भात झोडूचा आसा. माणसां कमी आसत. खंय जाव नको."

ती उंबऱ्यावर थांबली. मंडळातल्या सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे लागलं होतं. तिचा परत न येण्याचा बेत काकींना ठाऊकच नव्हता.

"खंय जावचंय नाय, काकी," ती म्हणाली, आणि नारळ घेऊन आत गेली.