दोरीला लागलेले तेल

आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. तिच्या मागच्या अंगणातल्या तुळईला एक जाड सुती दोरी टांगलेली असे. मुलगे लाकडी मल्लखांबावर आणि मुली दोरीवर, अशी वाटणी होती. मुलग्यांचा खांब एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला. आमची दोरी मात्र कोरडी, पायाच्या बोटांच्या बेचक्यात धरली की मांजराच्या जिभेसारखी खरवडणारी.

वस्ताद बुटके होते, हळू आवाजाचे. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. वर चढलेली मुलगी कचरली, की ते खालून दोरीचे टोक धरून एक हिसका देत. तो दोरीतून सरसरत वर येई आणि दातांत शिरे. पैंजण काढायला विसरलेल्या मुलीला ते विचारत, "हुपरीचं चांदीचं दुकान मांडायला आलीस व्हय?" सगळ्याजणी हसत. मीही हसे, ओले तळहात परकराला पुसत.

तालमीच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटची कसरत माझी होती. तुळईपाशी पोहोचायचे, मांडीभोवती दोरीची अढी घालायची, डोके खाली सोडायचे आणि दोन्ही हात मोकळे करायचे. खाली आखाड्यातली थोडी तांबडी माती पसरलेली असे, बाकी काही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी जरा डोळा लागला आणि जाग आली ती माझ्या मांड्यांना तेल चोळणाऱ्या आईच्या हातांनी. माझ्या मांडीवरचे दोरीचे वळ ती रोज पाहत होती. मुलगे खांबाला तेल चोळतात, हेही तिने येता-जाता पाहिले होते. या खेळाला तेल लागतेच, असा तिचा समज झाला होता. तिचे तळहात कोमट होते आणि खोलीभर एरंडेलाचा दाट, कडवट वास कोंडला होता. मी धडपडत न्हाणीत गेले. शिकेकाईने पाय घासले, पुन्हा घासले. ते तेल कातडीत मुरले होते.

कार्यक्रमाआधी मी वस्तादांना सांगू लागले की पाय निसटतोय. त्यांनी वाक्य पुरे होऊ दिले नाही.

"भ्यालो म्हण की सरळ," ते म्हणाले. "चढ."

मी चढले. बायकांच्या घोळक्यात आईचे हिरवे लुगडे दिसत होते, खाली जाताजाता लहान होणारे. तुळईला धुळीचा आणि पारव्यांचा वास होता. मी अढी घातली, डोके खाली सोडले. आभाळ पायांकडे गेले आणि माती कपाळावर आली. दोरी मांडीवरून सरकू लागली. अगदी सावकाश, ओल्या साबणाच्या वडीसारखी. मी दोन्ही हातांनी ती गच्च आवळली.

"हात सोड," खालून आवाज आला.

मग हिसका आला, आणि दोरी आणखी बोटभर निसटली. तोवर वस्तादांच्या शब्दाशिवाय कुणी मुलगी खाली उतरली नव्हती. मी अढी सोडली, सुलटी झाले आणि दोरीला बिलगून, तळहात भाजत उतरले.

रांगेत माझ्यामागे उभी असलेली मुलगी माझ्याहून लहान होती. माझी फसलेली कसरत करायला वस्तादांनी तिला लगेच पुढे ढकलले. तिचा हात दोरीला लागला, पण मी दोरी सोडली नाही. मी वस्तादांना म्हणाले,

"तिला चढवू नका. दोरीला तेल लागलंय."

वस्तादांनी दोरीवरून तळहात फिरवला, नाकाशी नेला. मग माझ्या मांडीकडे पाहिले. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. शिडी मागवून त्यांनी स्वतः दोरी उतरवली आणि काखोटीला मारून आत नेली.

घरी जाताना आईने माझे सोललेले तळहात फुंकरले. "तेल लावलं म्हणून पाय तरी वाचलं बघ," ती समाधानाने म्हणाली. "आता हातास्नी बी लावूया की." मी हो म्हटले.

नवी दोरी आली. वस्तादांचे हिसके थांबले नाहीत. फक्त कुणालाही वर चढवण्याआधी ते दोरीवरून हात फिरवून त्याचा वास घेऊ लागले. आणि मी तालमीच्या दिवशी दुपारी झोपणे सोडून दिले.