आधी ओळख काढा

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी बेळगावहून बसनं निपाणीला जाते आणि तिथल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात पाच समुपदेशकांना मार्गदर्शन करते. 'मार्गदर्शन' हा शब्द माझ्या नेमणुकीच्या कागदावर आहे. प्रत्यक्षात मी पहिलीच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसते आणि बोलत राहते.

या बैठकीला सगळे सुपरविजन म्हणतात. आपल्या कामात कुठं अडलंय ते प्रत्येकानं नाव-गाव न सांगता मांडायचं, बाकीच्यांनी विचार करायला मदत करायची आणि मार्गदर्शकानं कमीत कमी बोलायचं. यातला शेवटचा नियम मी फार छान समजावून सांगते. एकदा तर त्यातच पाऊण तास गेला.

बोलायचा क्रम वयानं. थोरल्यांच्या आधी तोंड उघडणं आमच्या भागातल्या रीतीत बसत नाही, त्यामुळं सुरुवात नेहमी सांबऱ्याच्या निवृत्त मास्तरांपासून. सगळ्यांत धाकटी बोरगावची, एका हायस्कुलात मुलींशी बोलायला बसणारी. तिची पाळी येईपर्यंत कुणाचं तरी दुःख ऐकून मला माझी एखादी आत्या आठवलेली असायची. मला आत्या पाच, आणि गोष्ट एकीचीही आखूड नाही. मग बसची वेळ व्हायची आणि धाकटी चहाचे कप गोळा करायची. असे तीन महिने गेले. मी मनात म्हणायचे, पोरीला ऐकून घेण्याची काय देणगी आहे!

चौथ्या महिन्यात मास्तरांचं वाक्य अर्ध्यात तोडून ती म्हणाली, "मॅडम, मी हे काम सोडणार हाय. अर्ज लिहून आणलाय. पण आधी ऐकून तरी घ्या."

मास्तर गप्प झाले. आश्चर्य म्हणजे मीही झाले.

नववीतली एक मुलगी दोन महिने तिच्याकडं येत होती. घरी आईवडलांचं रोजचं भांडण आणि ही रोज मध्ये उभी. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेच्या नियमाप्रमाणं पालकांच्या संमतीची सही हवी म्हणून आमची धाकटी तिच्या घरी गेली. आईनं कानडीत "बर्री, कूड्री", या-बसा करून बसवलं, चहा टाकला. हिनं माहेर कुठलं म्हणून विचारलं. सदलगा निघालं. कुणाची जाऊ, कुणाची नणंद असं करत चहा निवायच्या आत ही त्या बाईची लांबची बहीण ठरली. आईनं लेकीला आतून हाक मारली, मावशीच्या पाया पड म्हणाली. पोरगी वाकली, उठली आणि त्या दिवसापासून यायची बंद झाली. व्हरांड्यात दिसली की "बरं हाय, मावशी" एवढं बोलून निघून जाते.

"मी तिची कोण बी न्हाई, म्हणून ती बोलत हुती," धाकटी म्हणाली. "आता मी घरातलीच झालो न्हवं."

मास्तरांनी चष्मा पुसला. ओळख काढत बसायची ही अक्कल दिली कुणी, असं त्यांनी विचारलं. धाकटीनं वही उघडून माझ्यापुढं सरकवली. पहिल्या बैठकीचं पान, तारखेसकट. 'आधी ओळख काढा, मन आपोआप उघडतं.' मीच फळ्यावर लिहून सगळ्यांना लाल शाईनं उतरवायला लावलं होतं. दोनदा अधोरेखितसुद्धा.

"मी," मी म्हणाले.

तिसऱ्या आत्याची गोष्ट जिभेवर आलीच होती. ती गिळली.

"मग आता काय करू?" धाकटीनं पेन उघडलं.

"मला म्हाईत न्हाई गं."

सवयीनं तिनं तेही लिहून घेतलं.

मार्गदर्शन थांबल्याबरोबर बैठक एकदम चांगली चालायला लागली. एकानं विचारलं, त्या पोरीला भीती नेमकी कशाची? मावशीला सांगितलेलं संध्याकाळच्या आत आजोळी पोचतं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, असं दुसरी म्हणाली. परत तिच्या घरी जायचं नाही, आईचा फोन आला तरी आत बोललेलं सांगायचं नाही, हे ठरलं. शेवटी मास्तर बोलले. "चूक माझी झाली म्हणून सरळ सांग तिला. मोठ्या माणसानं चूक कबूल केलेली तिनं घरात कधी बघितली नसंल."

अर्ज धाकटीच्या पिशवीतच राहिला. महिनाभर बघतो, म्हणाली.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मास्तरांनी आपणहून तिला पहिली पाळी दिली. पोरगी आली होती. हिनं आपली चूक कबूल केल्यावर अख्खा तास खिडकीबाहेर बघत बसली. घंटा झाल्यावर दारात थांबून एवढंच म्हणाली, "पुढच्या बुधवारी हायसा न्हवं, मॅडम?"

"मी 'हाय' म्हणून सांगून बसलो," धाकटी आम्हाला म्हणाली. "आता सोडायचं कसं?"