दोन नंबरचा रिमोट

शेठनं माझ्या वडलांना स्टुलावर बसवलं, त्यांच्या हातात दोन नंबरचा रिमोट दिला आणि खेळायचा आग्रह करत म्हणाला, "रमो काका, रमो. तमारो छोकरो तो रोज रमे छे."

दुकानातली माणसं हसायच्या तयारीत उभी राहिली.

सुरतेत पर्वत पाटियाजवळ ते दुकान होतं. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम विकायचं. मी बी.ए. झालेला. खोक्यावरचं इंग्रजी वाचून आईबापांना समजावून सांगणं हे माझं काम. कोणत्या वयाला कोणती कॅसेट, कोणत्या मशिनची वायर लवकर तुटते. मग त्यांच्या मुलासोबत एक डाव खेळून दाखवायचा. आणि हरायचं. तो दुकानाचा नियम. फार हरलं तर मुलाला कंटाळा येतो. जिंकलं तर ते रडतं आणि आई उठून जाते. म्हणून थोडक्यात हरायचं. दोन वर्षं मी थोडक्यात हरत होतो.

घरी हे सांगितलं नव्हतं. घरी सांगायचो, मोठमोठे लोक मला विचारून वस्तू घेतात.

ते बघायलाच आबा आले होते. ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला; त्या दिवशी सुट्टी होती. शर्ट धुतलेला. नखांतलं संच्याचं तेल मात्र निघालं नव्हतं.

समोर एका कापड व्यापाऱ्याची बायको आणि तिचा दहाएक वर्षांचा मुलगा. कुस्तीचा गेम लावला. आबांना नियम कुठे माहीत? ते खरोखर जिंकायला बसले. जीभ दातांत धरून बटणं दाबत होते. मुलानं त्यांना पाडलं. परत पाडलं. "अंकल को तो कुछ आता ही नहीं!" म्हणत पुन्हा डाव सुरू केला. आबा उठू लागले. शेठनं खांदा दाबला. "बेसो ने, काका."

गेम सुरू करायचं, थांबवायचं बटण फक्त एक नंबरच्या रिमोटवर असतं. दोन नंबरवर नसतं. आबा हातातला रिमोट उलटापालटा करून ते शोधत राहिले. लूमवर त्यांचे कान गेलेले, त्यामुळे मोठ्यानं बोलायचे.

"पोऱ्या, हाई बंद कसं करतस?"

सगळे हसले.

मीसुद्धा हसलो. हे लिहायला मला इतका वेळ लागला. कुणी जोर केला नव्हता. सवयीनं हसलो. आबांनी वर पाहिलं, थेट माझ्याकडे.

मी मशिनचं बटण बंद केलं. मुलानं भोकाड पसरलं. शेठ ओरडला, "चालू कर! ने माफी मांग!"

आबाच म्हणाले, "चालू कर, पोऱ्या. नोकरी सांभाय."

मी चालू केलं. आबांच्या हातून रिमोट घेतला आणि त्याच स्टुलावर बसलो. पहिला डाव जिंकलो. दुसरा जिंकलो. तिसऱ्याला मुलानं रिमोट फेकला. शेवटी त्या बाईनंच मुलासाठी कोणती कॅसेट चांगली ते विचारलं, "तो आने माटे कई सारी?"

सल्ला द्यायचं काम अजून माझंच होतं. म्हटलं, "कोई पण ल्यो, बेन. पण घरे एने बे नंबरनुं रिमोट आपजो." दोन नंबरचा द्या, एक नंबरचा नको.

नोकरी तिथंच संपली.

रस्त्यानं आबा म्हणाले, "तू रोज हारस का?"

"हो."

दुसऱ्या दिवशी आबा पाळीवर गेले. तिथंही उभं राहून मान खालीच घालावी लागायची, हे मला ठाऊक होतं. मी काही महिने घरी बसलो, मग इच्छापोरला एका कारखान्यात कारकून झालो. साहेबासमोर जीभ अडखळायची. हसू आपोआप यायचं. ते दाबायला शिकायला फार वर्षं गेली, अजून शिकतोच आहे.

आबांचं तेरावं काल झालं. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी मला माफ केलं असेल. मी ती माफी मागणार नाही. त्या हशात माझा आवाज होता, तो तिथंच राहील.

पण दुसऱ्याच्या खुशीसाठी मी आता हरत नाही. यापुढे हरलो तर खराच हरेन.