झाकणावरची बैठक

गल्लीतल्या बर्फकाकू स्वभावाने अजिबात थंड नव्हत्या. नाव पडलं ते पुढच्या खोलीतल्या पेटीमुळे. छपरावरच्या सौर पट्ट्यांवर चालणारा तो आडवा, वरून झाकणाचा फ्रीज. गल्लीत वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहा व्हायच्या आत निघून जायची. म्हणून सगळ्या घरांनी मिळून ही पेटी आणली आणि काकूंच्या गळ्यात बांधली. तेव्हापासून शिंप्याचं दूध, मासेवालीचे मासे आणि घरच्या काकांचं इन्सुलिन एकाच झाकणाखाली नांदत होतं.

ऊन असलं की पेटीच्या पोटात बर्फ जमायचा, नसलं की तोच पुरवून पुरवून वापरायचा. सध्या आभाळ नुसतं भरून बसलं होतं. धड पडत नव्हतं, धड हटत नव्हतं. उकाड्याने जीव नकोसा झालेला. पेटीवरचा तापमानाचा काटा आठ अंशांकडे सरकत होता. तो आठ ओलांडून तिकडेच राहिला, तर इन्सुलिनची माती, आणि औषधाची गाडी पुढच्या आठवड्याशिवाय येणार नव्हती.

त्यात गल्लीला काळजीचा रोग. जो तो यायचा, झाकण उघडून आत हात घालायचा, "गार आहे ना हो?" विचारायचा आणि उरलासुरला गारवा बाहेर सोडून समाधानाने घरी जायचा.

शेवटी काकू झाकणावरच जाऊन बसल्या.

"काकू, मजा आहे, बसून खाताय!" शिंपी म्हणाला.

"ये, तू बस. कंबरही माझीच घे."

"एकदाच बघतो. दूध नासलं असलं तर?"

"तू बघितल्यावर सुधारणार आहे का ते? उद्या सकाळी ये. सगळ्यांचं एकदमच काढीन."

नाही म्हणून म्हणून काकूंचं तोंड दुखायला लागलं. दुपारी घोटभर पाणी प्यायला त्या आत गेल्या आणि परतल्या, तो झाकण उघडं आणि काका कमरेपर्यंत पेटीत! काकांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. बंद वस्तू त्यांना बघवतच नसे.

"अहो!"

"काही नाही गं," पेटीतून आवाज आला. "औषध तापलं नाही ना, तेवढंच."

काकूंच्या ओठांवर बरंच काही आलं होतं, पण बोलायलाही अंगात त्राण लागतं. त्यांनी झाकण लावलं. काटा आठाला टेकला होता.

"मी बसतो हवं तर," काका ओशाळून म्हणाले.

"एकटे बसलात तर परत उघडाल. सरका."

दोघं खांद्याला खांदा लावून बसले. उन्हं कलता कलता ढग विरळ झाले. बुडाखाली पेटी घुरघुरली, आणि काटा केसभर मागे आला.

"अगं, बघ, बघ!"

काकू त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपल्या होत्या.

एवढ्यात मासेवाली दारात आली. "काका, माझे मासे जरा..."

काकांनी एका हाताने झाकणाची कड घट्ट धरली, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"उद्या सकाळी," ते कुजबुजले.