आत्याची तक्रार, तिच्या चुकीसकट

आमची आत्या बावीस वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये एकाच टेबलावर बसली. पेशंटचं नाव कॉम्प्युटरवर घ्यायचं, लेबल छापायचं, रक्ताच्या नळीला चिकटवायचं. कामाला चोख, बोलायला फटकळ. आमच्या घराण्याचा गुणच आहे तो.

एकदा दोन पेशंटचे रिपोर्ट अदलाबदल झाले आणि सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. आठवड्याने चौकशी होती, नोकरी जाणार हे जवळपास ठरलंच होतं. आत्याने सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं, 'लेबलं चुकीची येतात, बघून घ्या.' उत्तर आलं, 'आमच्याकडे नीट चालतंय.'

ती तणतणत माझ्याकडे आली. मी दुसऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर असल्याच तक्रारी वाचते, त्यामुळे मला तिचाच राग आला.

"आत्या, एवढ्यावरून ब्रह्मदेवालाही काही कळणार नाही. तू काय केलंस, काय यायला हवं होतं आणि काय आलं, ते क्रमाने लिही. आणि तीच चूक पुन्हा करून बघ."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

बाई हट्टाला पेटली. रोज काम संपलं की खोटी नावं घालून लेबलं छापत बसायची. एक्केचाळीस वेळा सगळं बरोबर आलं. नेमकं हवं तेव्हाच मेलं यंत्र शहाण्यासारखं वागतं. बेचाळिसाव्या वेळी लेबलांचा रोल संपला. तिने नेहमीसारखंच केलं, रोल बदलता बदलता पुढच्या पेशंटचं नाव दुसऱ्या विंडोत उघडलं. नवा रोल बसताच आधीच्या पेशंटचं अडकलेलं लेबल बाहेर आलं, पण त्यावर नाव त्या पुढच्या पेशंटचं. मग तिने दहा वेळा तसंच केलं, दहाही वेळा तसंच आलं.

पण एका वेळी एकच विंडो उघडायची, असा नियम होता. सकाळच्या गर्दीत तो पाळला असता तर रांग रस्त्यावर गेली असती.

हे सगळं तिने क्रमाने लिहून काढलं. लॅबच्या साहेबांनी तो कागद वाचला. "ताई, दोन विंडोंचं वाक्य काढा. आयतं कोलीत कशाला देताय चौकशीवाल्यांच्या हातात?"

"ते काढलं तर उरतं काय, साहेब? पुन्हा 'बघून घ्या'च ना?"

खरं सांगते, मलाही वाटलं की काढावं. तिने वाक्य ठेवलं, वर रोल संपल्याची वेळही लिहिली.

दोन दिवसांत सॉफ्टवेअरमधली चूक सापडली. नोकरी वाचली, टेबल गेलं. नियम मोडला म्हणून आत्याला जुन्या फायलींच्या खोलीत धाडलं. त्या वाक्यावरूनच सॉफ्टवेअरवाल्यांनी मागच्या नोंदी तपासल्या, तर आणखी आठ जणांचे रिपोर्ट बदललेले निघाले. त्यांना फोन कोणी करायचा, म्हटल्यावर ज्याला त्याला दुसरं काम आठवलं.

आत्याने यादी ओढून घेतली. आता सगळा दोष कॉम्प्युटरवर ढकलायला तिला कोणी अडवलं नसतं.

"लॅबमधून बोलतेय," ती म्हणाली. "तुमच्या नळीला माझ्या हातून दुसऱ्याचं लेबल लागलं. आज पुन्हा तपासायला याल का? मी थांबते."

आठही फोन तिने असेच केले. सहाव्या फोनवरची बाई रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळ्या बंद करून बसली होती. तिला घ्यायला आत्या दारापर्यंत गेली.